वर्षभराचा वाटाड्या

दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात एक गाव होतं. तिथल्या विहिरींचं पाणी मचूळ, पण माणसं गोड. त्या गावात एक तरुण राहत होता. पदवी झाली होती, नोकरी लागली नव्हती आणि घरची पाच एकर कपाशी थोरला भाऊ सांभाळत होता.

त्याच्या शेजारी एक शेतमजूर राहायचा. वर्षानुवर्षं खर्रा खाऊन त्याच्या गालात आतून गाठ आली. अमरावतीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली : मुंबईला टाटात जा. माणूस गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. दादरला उतरल्यावर कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं हेच त्याला उमगलं नव्हतं. विचारत विचारत दवाखान्याच्या दारापर्यंत पोचला, तर तिथली गर्दी बघून छाती दडपली. "आपलं काम नाही बाप्पा ते," असं म्हणून त्यानं चिठ्ठी देव्हाऱ्यामागे ठेवून दिली. पुढचा पावसाळा त्यानं पाहिला नाही.

तरुणाच्या मनाला ते फार लागलं. औषध लागू पडलं नाही म्हणून माणूस गेला असता तर गोष्ट वेगळी होती. हा औषधापर्यंत पोचलाच नाही. त्यानं ठरवलं, एक वर्ष मुंबईत राहायचं आणि अशा लोकांना वाट दाखवायची.

आई म्हणाली, "तुलेच मुंबई माहीत नाही, तू कोनाले वाट दाखवशीन?"

"शिकीन," तो म्हणाला आणि बडनेऱ्याहून गाडीत बसला.

दादरजवळच्या एका धर्मशाळेत बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरत. तिथल्या व्यवस्थापकांनी त्याला जिन्याखालची एक खोली दिली आणि एक जुनं लोखंडी कपाट दिलं. ते हिशोबी गृहस्थ होते, बोलायचे कमी. "आलात, बरं झालं. करा काय करायचं ते," एवढंच म्हणाले.

पहिले काही आठवडे तरुण स्वतःच हरवत होता. परळचा तो भाग म्हणजे दवाखान्यांचं गावच. केईएम आहे, लहान मुलांचं वाडिया आहे आणि १९४१ साली सुरू झालेलं कॅन्सरचं टाटा मेमोरियल आहे. टाटाच्याच इमारती अनेक. नवा रुग्ण एकीकडे, तपासणी दुसरीकडे, पैसे भरायचे तिसरीकडे. आसाम, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, कुठून कुठून माणसं आलेली. कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या डोक्यावर वळकटी, कुणी फुटपाथवरच चादर अंथरलेली.

तरुणानं वही घातली. रोज सकाळी रांगेत उभं राहून तो लिहून घेऊ लागला. केसपेपर कुठे निघतो, जनरलमध्ये नाव घालायचं की प्रायव्हेटमध्ये, त्यानं खर्चात किती फरक पडतो, गावाकडच्या तपासणीचे कोणते कागद लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राला भेटायचं, सोबत मूळ रेशनकार्ड आणि आधार न्यायचं. परतीच्या प्रवासासाठी दवाखान्यातून रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून घ्यायचा. स्लीपरला रुग्णाचं तिकीट माफ होतं आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते, हे तर निम्म्या लोकांच्या कानावरही आलेलं नसे. रेडिएशनला खेड्यातली माणसं शेक म्हणत. शेक सोमवार ते शुक्रवार रोज असतो, अनेकांना पाच-सहा आठवडे घ्यावा लागतो, आणि त्यासाठी अंगावर मारलेल्या शाईच्या रेघा साबणानं धुवायच्या नसतात. एका सुनेनं सासऱ्याची मान स्वच्छ घासून दिली आणि सगळं मोजमाप पुन्हा करावं लागलं, तेव्हा ही गोष्टही वहीत आली.

हळूहळू तो तयार झाला. मग त्याची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. धर्मशाळेत एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायची रीत होती : अमळनेरवाले, पुसदवाले, समस्तीपूरवाले. हा झाला दर्यापूरवाले भाऊ.

"भाऊ, कुठं जायचं?"

"चला माझ्यासोबत."

"भाऊ, हा कागद कशाचा?"

"आणा इकडे, मी बघतो."

पहाटे पाचपासून त्याचा फोन वाजू लागे. तो पाच-सहा जणांना घेऊन निघायचा, हिंदमाता ओलांडून परळला जायचा, एकाला या रांगेत, दुसऱ्याला त्या रांगेत उभं करायचा, खिडकीशी स्वतः बोलायचा आणि दुपारी सगळ्यांना परत आणायचा. लोकांचे कागद पावसात भिजत, गर्दीत हरवत. म्हणून त्यानं सगळ्यांच्या फायली आपल्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक फाईल नाव घालून, गावाप्रमाणे लावून. किल्ली खिशात. हवी तेव्हा हवी ती फाईल क्षणात हजर. लोक म्हणायचे, "भाऊ नसते तर आमचं काय झालं असतं?" तरुण नको नको म्हणायचा, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य त्याला गोड लागायचं.

श्रावण सरत आला. विदर्भात पोळ्याला घरी नसणं म्हणजे अपशकुनच. आईचा निरोप आला आणि तरुण चार दिवसांसाठी गावी गेला. बैलांच्या शिंगांना रंग लावला, पुरणपोळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी तापानं फणफणला. डेंग्यू निघाला. परतायला पंधरवडा उलटून गेला.

धर्मशाळेत पाऊल टाकताच ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. "आले, आले! भाऊ आले!" एका म्हाताऱ्यानं तर त्याचे हातच धरले. हा जळगावकडचा शेतकरी. बायकोला घेऊन आला होता. योजनेत नाव घालायला मूळ रेशनकार्ड लागत होतं आणि रेशनकार्ड होतं कपाटात. कपाटाची किल्ली दर्यापूरला, तरुणाच्या विजारीच्या खिशात. मंजुरी अडली आणि उपचार सुरू व्हायचे ते राहिले.

"अहो बाबा, कपाट फोडायचं की!" तरुण कळवळून म्हणाला. "निदान मला फोन करायचा!"

"फोन केला होता. तुमच्या आईनं उचलला, म्हनल्या ताप हाय. मंग आजारी मान्साला कशाला तरास? म्हनलं, येतील भाऊ. भाऊ आल्याबिगर काय खरं न्हाई."

आणखी दोघं परळला जाऊन चुकीच्या इमारतीत दिवसभर बसून आले होते. महिनाभर ती माणसं त्याच रस्त्यानं त्याच्या मागून चालली होती, पण रस्त्याकडे बघायची पाळीच त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी बघितली होती फक्त पुढच्या माणसाची पाठ.

संध्याकाळी तरुण व्यवस्थापकांच्या टेबलासमोर जाऊन बसला. "लोक माझ्यावर चिडले असतील," तो म्हणाला.

व्यवस्थापकांनी वही मिटली. "कुणीही चिडलं नाही. तेच तर वाईट झालं. तुमची वाट बघत बसले, देवाची बघावी तशी." मग थोडं थांबून म्हणाले, "दरवर्षी कुणी ना कुणी येतं इथं. मनानं चांगली असतात पोरं. वर्षभर राबतात, वर्ष संपलं की जातात. ती गेली की लोक माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, ते भाऊ कुठं गेले? मी काय सांगू? तुम्हीही जाणार. फाल्गुनात जाल, चैत्रात जाल. मग हे कपाट कुणाचं?"

तरुणाला उत्तर सुचेना.

"गाडगेबाबा तुमच्याच अमरावतीकडचे ना?" व्यवस्थापक म्हणाले. "नाशिकला धर्मशाळा बांधली, आळंदीला बांधली, पंढरपूरला बांधली. कुठंही खोली धरून बसले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. गावात शिरले की खराट्यानं झाडायला लागायचे. ते बघून गावकरी लाजायचे आणि झाडू हातात घ्यायचे. रात्री कीर्तन आणि मग पुढचं गाव. गाव झाडायला बाबा रोज येणार असते, तर कुणी झाडू हातात घेतला असता का?"

एवढं बोलून त्यांनी पुन्हा वही उघडली.

त्या रात्री तरुणाला झोप येईना म्हणून तो पाणी प्यायला सामाईक स्वयंपाकघरात गेला. तिथं दोन माणसं होती. एक होती गेवराईकडची बाई. तिच्या नवऱ्याच्या तोंडाचं ऑपरेशन झालं होतं आणि नाकातून नळी घातली होती. दुसरा समस्तीपूरचा एक पोरगा, वडिलांना घेऊन आलेला. त्याच्या वडिलांनाही त्याच दिवशी नळी बसली होती. पोरगा डाळभाताची ताटली हातात धरून रडकुंडीला आला होता. एवढा घट्ट घास त्या बारीक नळीतून जायचा कसा?

बाईला हिंदी येत नव्हती, पोराला मराठी येत नव्हती. बाईनं त्याच्या हातातली ताटली घेतली. डाळ, भात आणि उकडलेला दुधी मिक्सरमध्ये घातला, वर दूध ओतलं आणि पार गंधासारखं वाटलं. मग धुतलेल्या पातळ फडक्यातून गाळलं. फडक्यात राहिलेला चोथा पोराला बोटानं दाखवला आणि मान हलवली : हे नको, नळी तुंबते. एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिला, दुसरा त्याच्या मनगटावर टाकला : गरम नको. भिंतीला टेकून ताठ बसून दाखवलं : वडिलांना असं बसवायचं, आडवं झोपवून द्यायचं नाही. मोठी सिरिंज नळीला कशी जोडायची, हळूहळू कसं सोडायचं आणि शेवटी साधं पाणी सोडून नळी कशी धुवायची, सगळं हातवाऱ्यांनी.

तरुण सवयीनं पुढं झाला. "द्या मावशी, मी करून देतो."

बाईनं त्याला हातानंच मागं सारलं. "तुमी नका करू, भाऊ. त्याला करू द्या. उद्या सकाळी माजा नंबर लागलाय तपासणीला, मी नसन. त्याच्या बापाला तर रोज लागंन ना?"

पोरानं दुसरी वाटी स्वतः केली. पहिल्यांदा फडक्यातून थोडं सांडलं, दुसऱ्यांदा नीट गाळलं.

तरुण खोलीत परतला तेव्हा त्याला उत्तर मिळालं होतं. जे त्याला अर्ध्या वर्षात सुचलं नव्हतं, ते त्या बाईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

सकाळी त्यानं कपाट उघडलं आणि एकेक फाईल ज्याची त्याला परत केली. सोबत प्रत्येकाला बटणाची एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. "आता हे तुमच्याकडे. उशाला घेऊन झोपा, पण माझ्याकडे देऊ नका." लोकांना ते आवडलं नाही. काहींना वाटलं, भाऊ आजारपणात बदलले. एक जण तर व्यवस्थापकांकडे तक्रार घेऊन गेला.

मग तरुणानं नवी रीत घातली. रोज रात्री जेवणं झाली की सगळ्यांनी ओट्यावर जमायचं. त्या दिवशी जे नवे आले असतील त्यांनी आपलं गाव आणि आजार सांगायचा. ज्याला येऊन दोन आठवडे झाले असतील त्यानं एका नव्याला सोबत घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परळला न्यायचं. न्यायचं म्हणजे नुसतं ओढत न्यायचं नाही. जाताना जुना पुढं, येताना नवा पुढं. वाट चुकली तर चुकू द्यायची, पण शोधायची त्यानंच. खिडकीशीही ज्याचा रुग्ण त्यानंच बोलायचं, जुन्यानं फक्त पाठीशी उभं राहायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी आपल्या खुणा ठरवल्या. इथं चहाची टपरी, इथं फुलवाला, इथं लाल पाटी, मग उजवीकडे. त्या खुणा शिकलेल्यांनाही उपयोगी पडू लागल्या.

सुरुवातीला गोंधळ फार झाला. पूर्वी दुपारी परतणारी माणसं संध्याकाळी परतू लागली. एकानं नव्या माणसाला नको त्या रांगेत तीन तास उभं केलं. तरुणाचे पाय शिवशिवायचे. आपण गेलो असतो तर तासाभरात काम झालं असतं, हे त्याला कळत होतं, पण तो ओट्यावर बसून राहायचा. अगदीच थकलेले, एकटे, चालता न येणारे असले तरच तो उठायचा. दोन म्हातारे भाऊ होते, दोघांनाही ऐकू येत नव्हतं. त्यांना मात्र त्यानं शेवटपर्यंत हात धरून नेलं. सगळ्यांना एकच काठी लावून चालत नाही, हेही त्याला उमगलं.

दिवाळीपर्यंत रीत अंगवळणी पडली. जळगावच्या शेतकऱ्याच्या बायकोचा शेक सुरू झाला होता. तोच म्हातारा, जो भाऊ आल्याशिवाय हलत नव्हता, आता नव्या लोकांना आरोग्यमित्रापुढे बसवून कागद क्रमानं काढायला लावत होता. "आदी रेशनकार्ड, मंग आधार. घाई करू नका, तो मानूस बी आपलाच हाय." समस्तीपूरचा पोरगा मिक्सरजवळ उभा राहून आसामच्या एका बाईला मनगटावर थेंब टाकून दाखवत होता. गेवराईची बाई तोवर नवऱ्याला घेऊन गावी परतली होती.

तरुणाचा फोन आता क्वचित वाजे. आधी त्याला चुकल्यासारखं झालं. भाऊ नसते तर काय झालं असतं, असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. पुढे पुढे त्याला त्या शांततेची सवय झाली आणि नंतर ती आवडूही लागली.

वर्ष भरलं. निघायच्या दिवशी तो पिशवी घेऊन खाली आला तेव्हा ओट्यावर एक नवा माणूस बसला होता, सकाळीच लातूरहून आलेला. त्यानं शेजारच्याला विचारलं, "हे कोण?"

शेजारच्याला येऊन दोन आठवडे झालेले. तो म्हणाला, "हे व्हय? इथंच राहत्यात वाटतं. तुमी चला, आपल्याला परळला जायचंय. जाताना मी पुढं, येताना तुमी."

व्यवस्थापकांनी ते ऐकलं आणि हिशोबाच्या वहीतून मान वर केली. वर्षभरात ते पहिल्यांदा हसले. "पास झालात," म्हणाले आणि जिन्याखालच्या कपाटात धर्मशाळेच्या चादरी लावायला माणूस पाठवला.

तरुण गावी परतला, भावासोबत शेतात राबू लागला. पुढच्या पावसाळ्यात गावातल्या एका माणसाला मुंबईची चिठ्ठी मिळाली. तरुणानं त्याला धर्मशाळेचा पत्ता दिला, कागद कोणते न्यायचे ते सांगितलं आणि मुद्दामच कुणालाही फोन केला नाही. माणूस दोन महिन्यांनी उपचार घेऊन परत आला.

"कोणी नेलं दवाखान्यात?" तरुणानं विचारलं.

"एक बाई होती. धुळ्याकडची. पह्यल्या दिवशी तिनं नेलं. मंग मीच चार जनाले नेलं."

"तिनं माहं नाव घेतलं का?"

"तुहं? नाही बा. तुले ओयखते का ते?"

तात्पर्य : सेवा करणाऱ्यानं लोकांची अडचण संपवावी, आपली गरज वाढवू नये. अनोळखी शहरात जाऊन एखादं वर्ष समाजाला द्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी जरूर जावं. मात्र पहिल्या दिवशीच स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी निघून गेल्यावर हे काम कोण करील? त्याचं उत्तर 'ज्यांचं काम आहे तेच' असं येईपर्यंत आपली सेवा अपुरी आहे, असं समजावं.